होलिसची चाल

आमच्याकडे होल्डेम, म्हणजे पोकरचाच एक प्रकार, शनिवारी दुपारी चालायचं, माझ्या डॉमिनो खेळायच्या हॉलच्या मागच्या खोलीत. नवरा गेल्यावर हॉल माझ्याकडे आला आणि पत्ते वाटायचं कामही. मी स्वतः खेळत नसे, म्हणून सगळ्यांचा माझ्यावर विश्वास. "मिली, गड्डी नीट पीस गं, मागच्या वेळी नुसता पालापाचोळा दिलास," एवढी एक तक्रार काय ती ऐकावी लागे.

क्लोव्हिस बेअर्ड कापसाची जिनिंग चालवायचा. होलिस टिडवेल रानोमाळ हिंडून पवनचक्क्या दुरुस्त करायचा. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, आणि टेबलावर एकमेकांचे पक्के वैरी. होलिस कायम क्लोव्हिसच्या डाव्या हाताला बसायचा. ती खुर्ची त्याने इतकी वर्षं धरून ठेवली होती की तिच्या पाठीवर त्याच्या पँटच्या खांद्यावरच्या पट्ट्यांचे चट्टे उमटले होते.

डाव्या हाताला बसण्यात मख्खी होती. आमच्या खेळात प्रत्येकाच्या हातात दोन पानं झाकलेली असतात. टेबलावर मी आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक अशी पाच पानं सगळ्यांसाठी उघडते. चाल डावीकडे सरकत जाते. जो आधी बोलतो त्याला पुढच्याचं काही कळत नाही. जो नंतर बोलतो त्याने आधीच्याचा चेहरा, हात, घाम, सगळं पाहिलेलं असतं. क्लोव्हिस जवळजवळ दर डावात होलिसच्या आधी बोलायचा. हातात काही नसेल तेव्हा त्याचं फारसं बिघडत नसे. खरी पंचाईत चांगली पानं आल्यावर. चाल टाकली की होलिस पानं फेकून मोकळा. चाल न टाकता टेबलावर नुसती बोटं टकटकवली की होलिसही टकटकवणार आणि पुढचं पान फुकटात बघणार.

"राजे हातात घेऊन भीक मागायची वेळ आणतो हा माणूस," क्लोव्हिस म्हणायचा.

"मग बस ना माझ्या जागेवर," होलिस म्हणायचा. "नाही? का? खुर्ची टोचते?"

त्या दिवशी क्लोव्हिसला खरंच दोन राजे आले. मी टेबलावर तीन पानं उघडली: राजा, नव्वी, तिर्री. होलिसने आपल्या पानांचे कोपरे उचलून पाहिले, हॅट कपाळावर ओढली, कोपर टेबलावर टेकवून हनुवटी मुठीवर ठेवली. आधी बोलायचं होतं क्लोव्हिसला. तो बराच वेळ घुटमळला आणि मग काय मनात आलं कोण जाणे, समोरची चिप्सची सगळी रास दोन्ही हातांनी पुढे लोटली.

"घे," तो म्हणाला. "आता कर विचार."

होलिस विचार करू लागला. आम्हाला तसंच वाटलं.

छताचा पंखा कुरकुरत होता. कुणीतरी म्हणालं, "होलिस, यंदाचा कापूस वेचून होईल तोवर सांगशील ना?" सगळे हसले. मी म्हटलं, "गार चहातला बर्फ विरघळला बघ तुझ्या." क्लोव्हिस खुर्चीत मागे रेलून मजा बघत होता. इतक्या वर्षांत होलिस त्याच्या चालीवर असा अडला नव्हता. "घाई नाही रे बाबा," तो म्हणाला. "मला कुठं जायचंय!" पुन्हा हशा. मग हसणं संपलं आणि खोलीत नुसता पंखा राहिला. क्लोव्हिसने हात लांब करून त्याला दंडाला धरून हलवलं, तेव्हा होलिसची हॅट टेबलावर पडली.

डॉक्टर आले, व्हायचे ते सोपस्कार झाले. टेबल आवरताना मी होलिसची पानं तशीच झाकलेली उचलून गड्डीत मिसळली. दुसऱ्या दिवशी क्लोव्हिसने विचारलं, "काय होतं त्याच्याकडे?"

"पाहिलं नाही."

"एवढंसुद्धा नाही पाहिलंस?"

"ती पानं त्याची होती, क्लोव्हिस."

अंत्यविधी झाला. काही आठवड्यांनी डाव पुन्हा सुरू झाला. होलिसची खुर्ची आम्ही रिकामीच ठेवली. क्लोव्हिस यायचा, आपल्या जागी बसायचा, पण चांगली पानं आली आणि आधी बोलायची पाळी त्याच्यावर आली की तो नुसती टकटक करायचा. राण्या असोत, एक्के असोत, टकटक. आम्हाला आधी वाटलं, म्हातारा सापळे लावतोय. मग दिसलं की तो पानं बघतच नाही. तो त्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो आणि तिचं बोलून होईपर्यंत थांबतो. एकदा मी पुढचं पान उघडायला गेले, तर त्याने माझं मनगट धरलं.

"थांब. त्याचं राहिलंय."

टेबलावर कुणी हसलं नाही. खरं सांगते, त्यानंतर पान उघडण्याआधी माझाही हात तिथे अडखळू लागला.

हिवाळ्यात शेतांवर औषध फवारणारी विमानं चालवणारा डब लॅसिटर गावात आला. त्याला कुणाची खुर्ची, काय भानगड, काही ठाऊक नव्हतं. आला तो थेट तिथेच बसला. त्याच दुपारी क्लोव्हिसला दोन एक्के आले, आणि पहिल्याच तीन पानांत तिसरा एक्का उघडला, बरोबर छक्की आणि दश्शी. त्याने टकटक केली. डबच्या हातात एक नव्वी आणि एक भिकार चौकी होती. कुणी फुंकरीएवढी चाल टाकली असती तरी त्याने पानं फेकली असती. पण फुंकर मारली कुणी नाही. फुकटात सत्ती आली, फुकटात अठ्ठी आली, आणि त्याची सहापासून दहापर्यंत ओळ लागली, जी आमच्या खेळात तीन सारख्या पानांना हरवते.

"तीन एक्के?" क्लोव्हिसची पानं पाहून डब चाटच पडला. "अहो बाबा, एवढं हातात असून मला फुकट पानं दाखवलीत? माझ्यावर जीव जडलाय का तुमचा?"

क्लोव्हिस उठून व्हरांड्यात गेला. मी मागोमाग गेले.

"त्याच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस. पोरगं आहे."

"त्याचं काय घ्यायचंय." तो रस्त्याकडे बघत राहिला. "मी चाल टाकली की पुढचा थांबतो, मिली. विचार करायला. तो थांबला की त्याचा होलिस होतो. कुणीही असू दे. हॅट खाली येते, हनुवटी मुठीवर जाते. मला पानं दिसेनाशी होतात. मी त्याची छाती वरखाली होते का ते बघत बसतो." मग हळूच म्हणाला, "मी त्याला म्हटलं, मला कुठं जायचंय. आठवतं तुला? हसत म्हटलं."

मला आठवत होतं. मीही हसले होते.

ही गोष्ट होलिसच्या बायकोपर्यंत, ओपलपर्यंत, कुणी नेली ते मला कळलं नाही. शेतं हिरवी झाल्यावर एका शनिवारी ती हॉलमध्ये आली, चर्चला जायचा निळा झगा घालून. डब चटकन उभा राहिला.

"बसा, बाई. तुमचीच जागा ही."

"माझी नाही, पण बसते," ओपल म्हणाली. "मिली, मला पण वाट."

"तुला येतं?" क्लोव्हिसने विचारलं.

"तुझ्याशी हरून आला की तो माझ्याशी खेळायचा. स्वयंपाकघरात, पैशांऐवजी काड्या लावून. मग मला हरवून झोपायचा."

तिच्या हातांत पीठ मळण्याचं बळ होतं, पण पानं ती नाजूक धरायची, होलिससारखीच, अंगठ्याने फक्त कोपरा उचलून. ते पाहून क्लोव्हिसचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने एका डावात दोघंच उरली. मी उघडली राणी, अठ्ठी, पंजी. आधी बोलायचं होतं क्लोव्हिसला. त्याने टेबलावर बोटं टेकवली.

"थांब," ओपल म्हणाली. "तुझ्याकडे राण्या आहेत. टकटक कसली करतोस?"

"तुला काय ठाऊक?"

"तुझा कान लाल झालाय. डावा. चांगलं पान आलं की होतो. होलिसने मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

टेबलावरचे सगळे वाकून त्याचा कान बघू लागले. कान खरंच पिकलेल्या मिरचीसारखा झाला होता.

"म्हणजे इतकी वर्षं..." क्लोव्हिस म्हणाला.

"इतकी वर्षं. तो पानांवर खेळतच नव्हता, तुझा कान बघायचा. कान लाल असताना तू चाल टाकलीस की लगेच पानं फेकायचा. क्षणभरसुद्धा थांबायचा नाही."

ती काय म्हणाली ते क्लोव्हिसच्या आत उतरायला वेळ लागला. मलाही लागला.

"मग त्या दिवशी," तो अडखळत म्हणाला, "त्या दिवशी तो विचार कसला करत होता?"

"कसलाच नाही," ओपल म्हणाली. "तुझी चाल त्याच्यापर्यंत पोचलीच नाही रे. तू रास लोटलीस तेव्हा तो गेलेला होता."

पंखा कुरकुरत राहिला. आपल्या चालीने त्याला मारलं नाही, हे क्लोव्हिसला कळलं. आणि आपण सगळे, बर्फ, कापूस, काय काय बोलत, एका गेलेल्या माणसाच्या उत्तराची वाट बघत हसत होतो, हेही कळलं. त्याच्या चेहऱ्यावर दोन्ही एकदम आलं. कुठलं जड होतं ते मला सांगता येणार नाही.

"आता नीट खेळ," ओपल म्हणाली. "मी इथे आहे."

त्याने रास पुढे लोटली. ओपलने पानांचा कोपरा उचलला आणि थांबली. क्लोव्हिसचे डोळे तिच्या छातीवर खिळले.

"ओपल?"

"आहे. विचार करतेय. ऐक, मोठ्याने करते. माझ्याकडे छक्की-सत्ती आहे. मला नव्वी किंवा चौकी हवी. अक्कल असती तर मी पानं फेकली असती. पण आज मी अक्कल घरी ठेवून आलेय." तिने आपली रास लोटली. "काढ, मिली."

आधी दुर्री आली. मग नव्वी.

"अरेच्चा!" डब ओरडला. "बाबा, तुम्ही बरोबर खेळलात! अगदी बरोबर खेळलात आणि हरलात!"

क्लोव्हिस हसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता त्याने हाताने तोंड झाकून घेतलं, आणि मग त्याचे खांदे वेगळेच हलू लागले. ओपलने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती शांतपणे चिप्स एकावर एक रचत बसली.

त्यानंतर तो पुन्हा चाल टाकू लागला. राजे आले की टाकायचा, एक्के आले की टाकायचा. डाव्या कानावर मात्र हॅट ओढून घ्यायचा. पण समोरचा गप्प झाला की त्याला राहवत नसे. "बोल रे," म्हणायचा. "काहीतरी बोल." नव्या माणसांना वाटायचं, म्हातारा डिवचतोय. जुन्यांनी मग तो आमच्या खोलीचा नियमच करून टाकला: इथे विचार मोठ्याने करायचा. त्यापायी डाव किती बिघडले याला गणती नाही. परगावचे खेळाडू आमची टर उडवतात. आम्ही उडवू देतो, आणि ते बोलतायत तोवर आम्हाला बरं वाटतं.