आट्टम कुणाचा

“आट्टम कुणाचा, अण्णा — सायकलचा की बसणाऱ्याचा?”

विचारून टाकलं एकदाचं! पण नजर वर कशी करायची... वसंता हँडलखालच्या, छरे बसतात त्या गंजक्या कपाकडेच पाहत राहिली. मागे चिंचेखाली मैत्रिणी, कनका आणि विमला, परकर-पोलक्यावरच्या दावणीचा पदर तोंडात कोंबून उभ्या. विचारलंस तर आठवडाभर आमच्या वाटणीचे चकलीसारखे मुरुक्कू तुझे, अशी पैज. तमिळमध्ये आट्टम म्हणजे हलणं, आट्टम म्हणजे नाचही, आणि ‘फार आट्टम नको गं’ असं अम्मा जिला दिवसातून दहा वेळा बजावते ती — मी.

सायकल दुरुस्त करणारा रामस्वामी हसला नाही.

“सायकललाच विचारू,” तो म्हणाला. “पुढचा ब्रेक दाब, कण्णू, पोरी. आता पुढंमागं हलव. बोट वरच्या नटाशी धर.”

वर काहीच नाही. बोट खाली नेलं — टिक्. हाच तो टिक्, आठवडाभर गणिताच्या तासालासुद्धा कानात वाजणारा... गेल्या रविवारी दुपारी अप्पा झोपलेले असताना मी चोरून सायकल मरीनाच्या किनाऱ्यावर नेली, आणि तिसऱ्याच फेरीत हँडलासकट वाळूत कोसळले. कुणी पाहिलं नाही. चार दिवसांनी अप्पाच देवळाच्या वळणावर पडले — हँडल हातात थरथरलं म्हणे — आणि सोललेला गुडघा घेऊन घरी येत म्हणाले, ह्या सायकलची मान गेली, उद्या-परवा ऑफिसातल्या उमाकांतला देऊन टाकतो. त्यांच्या गुडघ्यावर हळद दाबताना वसंता एक शब्द बोलली नव्हती. वसंता! जिच्या बडबडीनं घर उठतं ती.

रामस्वामीनं वरचा नट आवळला. हँडल जड झालं, वळेचना. आणि खाली टिक् तसाच.

“म्हणजे छरे सैल नाहीत,” तिच्या तोंडून निघून गेलं, “कपच चौकटीत हलतोय!”

“शाळेत हे शिकवतात?”

“नाही, बोटानं सांगितलं.”

आता मात्र तो हसला. त्यानं कप ठोकून काढला, तर भोवती पत्र्याची पट्टी, गंजून कागदासारखी झालेली. मोठ्या भोकात लहान कप बसवून कुणीतरी फट बुजवली होती.

“कित्येक वर्षांमागचं काम हे. तुझ्या अप्पांनी सायकल घेतली, तेव्हाही असणार.”

म्हणजे मी नव्हे! तिथंच नाचावंसं वाटलं तिला. आता कुणाला काही सांगायलाच नको... पण मग ती हळद दाबणारी, मुकी वसंता — तिचं काय करायचं? ती तर आत अजून हलतच होती.

नवी पट्टी बसली. रामस्वामीनं पुढचं चाक उचललं. हँडल आपसूक एका बाजूला कललं, काही अडलं नाही. तिनं पुन्हा ब्रेक दाबून, बोट धरून पाहिलं. दोनदा. टिक् गप्प.

कनका ओरडत होती, “अगं, मुरुक्कू तरी घे!” पण वसंता सायकल ढकलत निघालीसुद्धा.

घरी अप्पा पाय लांब करून बसलेले, अम्मा मोगऱ्याचा गजरा ओवत.

“हवा भरायला एवढा वेळ?” अम्मानं वर न बघता विचारलं.

“अप्पा, सायकल उमाकांतना द्यायची नाही. सोमवारपासून ती मी शाळेत नेणार.” आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. “आणि येते का चालवायला, असं विचारू नका. येते. वाळूत पडून शिकले — तुम्ही पडलात त्याच्या आधी चार दिवस.”