विभूतीची टरबुजं

दर्यापूरजवळ पूर्णेच्या वाळूत माणसांची जत्रा लोटली होती. भस्मानंदबाबाने टरबूज फोडलं की लालबुंद गर पाहून लोक हात जोडत. मागच्या साली नदीच्या वाळूतल्या याच टरबुजाच्या वाडीतली फळं बारकी अन् पाणचट निघाली होती. बाबाने वेलांच्या आळ्यांत विभूती टाकली आणि यंदा एकेक फळ दोन्ही हातांत मावेना.

"वेलाले तारते ते भस्म माणसाले नाही तारणार काय?" बाबा गरजला. चिमूटभर राखेसाठी रेटारेटी सुरू झाली.

वाडी भगवंत भोयाची. त्याच्या लहानग्या शकुनला हगवण लागली. तो उत्तमराव वैद्यांना आणायला निघाला, तर बाबाने अडवलं. "भस्म चाटव. पाण्याचा थेंब देऊ नको, गुण जाईल."

"माय, टरबूज दे वं. लय तहान लागली," शकुन झोपडीत कण्हत होती.

"थांब बाई, भस्माचा गुण जाते," आई जयवंता म्हणाली. दाराबाहेर टरबुजांची रास पडली होती. दिवस मावळता मावळता पोर गेली.

बाबा म्हणाला, "तुमची श्रद्धा कमी पडली."

पुढे एकदा झाडताना जयवंताला झोपडीमागे, चुलीत जाळलेल्या कपाशीच्या काड्यांच्या राखेच्या ढिगावर, आपोआप उगवलेला टरबुजाचा वेल दिसला. त्याचं फळ तिने कापलं. तोच लाल गर, तीच गोडी. फोड घेऊन ती थेट बाबाभोवतीच्या गर्दीत शिरली.

"बाबा, हे माह्या चुलीतल्या पऱ्हाटीच्या राखेवरचं हाय. तिथं तुमचं भस्म कुठं पडलं होतं?"

"माझी कृपा वाऱ्यानं तिथं गेली!"

"वाऱ्यानं गेली त माह्या पोरीपाशी काहून नाही आली?"

गर्दीतले उत्तमराव पुढे झाले. "कोणतीही राख चालते. लाकडाच्या राखेत वेलाला पोसणारा क्षार असतो. नदीच्या वाळूत तो कमी, म्हणून फळ पाणचट होतं. वेलाला राख हवी होती, जयवंता. हगवणीनं सुकणाऱ्या लेकराला पाणी हवं होतं."

जयवंता रडू लागली, तिला सावरायला लोक धावले. त्या गडबडीत बाबा निसटला, तो अंजनगावच्या वाटेला लागला.

पुढच्या साली नदीकाठच्या साऱ्यांनी चुलीची राख घातली आणि साऱ्यांचीच टरबुजं गोड झाली. जयवंताने मात्र एकही चाखलं नाही. येईल त्या बाईला ती सांगे, "पाणी काहून नाही द्यायचं, एवढं मी इचारलंच नाही वं. तुमी इचारजा."

वाचकहो, तुम्हीही विचारा. हात जोडण्याआधी विचारा.