एक्केचाळीस बाटल्या

चारशे बारा. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तुंबलेल्या बाटल्यांचा हा आकडा साहेबांनी फळ्यावर लाल खडूनं लिहिला होता आणि येता-जाता तो भिंगरीच्या डोळ्यांत खुपायचा. रोज पस्तीस नव्या बाटल्या यायच्या. पाण्यातले क्षार मोजायच्या टेबलावर माणसं दोनच: ती आणि तिची वहिनी. दोघींनी मान मोडून काम केलं की दिवसाकाठी चौतीस-पस्तीस व्हायच्या. म्हणजे ढीग जिथल्या तिथे.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून थोरल्या भावानं ठेवलेलं. तो भाऊ आता दोन वर्षं पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. वहिनीला इथं तिनंच लावून घेतलं होतं आणि भावाचं घर त्या नोकरीवरच चाललं होतं.

तिसरा माणूस द्या म्हणून दोघी वर्षभर साहेबांच्या कानीकपाळी ओरडत होत्या. शेवटी वरून माणूस आला, पण हातात घड्याळ घेऊन. कोण दिवसात किती नमुने उरकतं, ते मोजून तो अहवाल देणार होता.

आदल्या दिवशी भिंगरीनं डोकं लढवलं. "वहिनी, उद्या तू फक्त फ्लास्क धू, चिठ्ठ्या लाव, पाणी मोजून माझ्यापुढे सरकव. मी अशी सुटते की तो बघतच राहील. एवढा जीव काढूनही ढीग हलत नाही म्हटल्यावर तिसरा माणूस देतो की नाही बघ!"

"मला वाटतं, रोज करतो तसंच करावं गं," वहिनी म्हणाली. "आपला रोजचा दिवस कसा जातो ते त्याला कळायला नको?"

"तू गप्प बस. तुला यातलं काय कळतंय?"

नणंदेपुढे वहिनीचं कधी काही चाललं होतं, म्हणून आज चालणार?

दुसऱ्या दिवशी भिंगरी खरंच सुटली. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचे, फ्लास्कमधल्या लाल पाण्याचा निळा रंग झाला की तोटी बंद, आकडा लिहायचा, पुढचा फ्लास्क घ्यायचा. डबा उघडला नाही, पाठ टेकली नाही. शेजारी वहिनीचे हात दिवसभर साबणाच्या पाण्यात. संध्याकाळी घड्याळवाल्यानं भिंगरीच्या नावापुढे एक्केचाळीस लिहिले आणि वहिनीच्या नावापुढे दोन. धुणं, चिठ्ठ्या, मोजमाप यांना त्याच्या तक्त्यात रकानाच नव्हता. भिंगरीनं तो दोनचा आकडा पाहिला. पण एक्केचाळीस बघून तिची छाती अशी फुगली होती की दोनकडे लक्ष द्यायला तिला सवड नव्हती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. एक बाई दिवसाला एक्केचाळीस नमुने करते, येतात पस्तीस. सबब टेबलावर एकच माणूस पुरे. नमुने तुंबण्याचं कारण दुसऱ्या बाईंचा संथपणा. त्यांना येत्या एक तारखेपासून कमी करण्यात यावं.

पत्र घेऊन भिंगरी तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, त्या एक्केचाळीस दोघींच्या आहेत. अर्ध्याहून जास्त काम वहिनीनं केलं. मीच तिला तसं सांगितलं होतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यालाही वर कुणीतरी मोजत होतं.

"बाई, अहवाल वर गेला. तो बदलायचा तर मला तुमच्याकडून लेखी लागेल. मोजणीच्या दिवशी दोघींनी संगनमत करून आकडा फुगवला, असं."

"देते की. आत्ता देते."

"द्या. पण मग मी दोघींना ठेवू शकणार नाही. मोजणीत फसवणूक म्हटल्यावर वरचे लोक या टेबलाचं सगळं काम बाहेरच्या ठेकेदाराला देऊन मोकळे होतील. त्यांच्या मनात ते कधीचं आहे."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. भिंगरीनं पेन उचललं. तिला स्वतःची दोन पोरं दिसली, आणि त्याच्या आधी, लाज वाटावी इतकं आधी, स्वतःचं रिकामं झालेलं टेबल दिसलं. दोघी घरी बसून वहिनीला काय मिळणार होतं? हा विचार खरा होता. पण तो तिला फार पटकन सुचला, आणि पटकन सुचला हे तिला कळलंही. तिनं पेन कागदावर आडवं ठेवलं.

"राहू दे साहेब," ती म्हणाली.

बाहेर वहिनी भिंतीला टेकून उभी होती. हातातल्या रुमालाची पिळून पिळून दोरी झाली होती.

"बोललीस?"

"नाही गं. साहेब जागेवर नव्हते."

दार उघडंच होतं. आत साहेबांची खुर्ची करकरली, ते खोकले. वहिनीनं ते ऐकलं असेल की नाही, भिंगरीला कळेना. वहिनीचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही.

"मग उद्या जा," वहिनी म्हणाली. "सकाळी असतात ते. आणि तुझ्या भावाला इतक्यात काही सांगू नकोस. त्याला वाटतं, भिंगरी आहे ना तिथं, मग काळजी नाही."