तीन मंगळवार

डॉक्टर ल्युबेन मिनेव्ह आमच्या डॅन्यूबकाठच्या इस्पितळात एकोणीस वर्षं सर्जन होते. त्यातली सतरा वर्षं मी त्यांच्यासमोर उभी राहून त्यांच्या हातात हत्यारं दिली. ते मला नेहमी ‘सिस्टर’ म्हणत, दोब्रिन्का म्हणून कधी हाक मारली नाही. त्यांनी नोकरी का सोडली असं गावात अजून विचारतात. जे मी पाहिलं ते सांगते.

त्या वर्षी आमचा एक भूलतज्ज्ञ जर्मनीला गेला. दुसऱ्याचं वय एकाहत्तर, त्याला हृदयाचा झटका आला. मग जिल्ह्याच्या शहरातून एक जण दर मंगळवारी यायचा. म्हणजे यायचा असं ठरलं होतं.

मार्चमध्ये बिस्त्रा कोलेवा दाखल झाल्या. आतड्यात गाठ होती. वेळेत काढली तर बाई वाचणार होत्या. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. डॉक्टर त्यांचेच जुने विद्यार्थी, त्यामुळे सगळ्या वॉर्डासमोर त्या त्यांना अरेतुरे करायच्या.

“ल्युबेन, डॅन्यूबच्या उपनद्या तुला कधी धड सांगता आल्या नाहीत. आतडं नीट जोडशील ना?”

“बाई, आतडं लहान आहे. नकाशा लागत नाही.”

“तू तेव्हाही असंच म्हणायचास आणि नापास व्हायचास.”

पहिल्या मंगळवारी भूलतज्ज्ञ आला नाही. त्याच्या शहरात तातडीची केस होती. दुसऱ्या मंगळवारी त्याची गाडी बंद पडली. डॉक्टरांनी बाईंना सांगितलं, “सोफियाला जा. मी चिठ्ठी देतो, फोन करतो.” बाई म्हणाल्या, “तिथे मला कोण ओळखतं? सहा तास गाडीत बसून अनोळखी माणसाच्या हातात पोट द्यायचं? मी थांबते.” तिसऱ्या मंगळवारी तो आला, पण सकाळीच एक बाळंतीण अडली आणि दुपारपर्यंत त्याचा वेळ तिथेच गेला. बाई उपाशी पोटी, हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर चार तास पडून होत्या. त्यांना परत खोलीत मीच नेलं.

“काही हरकत नाही गं,” त्या म्हणाल्या. “बाळ झालं ना?”

शनिवारी त्यांचं आतडं फुटलं. शहरातून भूलतज्ज्ञ यायला अडीच तास लागले. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. त्याहून चांगलं कुणाला करता आलं असतं असं मला वाटत नाही. पण पोटात सगळीकडे विष पसरलं होतं. सहाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला बाई गेल्या.

त्यांची मुलगी रूसे शहराहून आली होती. डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात उभ्याउभ्याच सांगितलं. आवाज शांत, शब्द नेमके. ती रडली, मग त्यांचा हात धरून म्हणाली, “तुम्ही खूप केलंत, डॉक्टर.”

“मी त्यांना तीनदा परत पाठवलं,” ते म्हणाले.

“तुमचा काय दोष? नशीब.”

ती गेल्यावर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “सिस्टर, आज कँटीनमध्ये काय आहे?”

“घेवड्याचं सूप,” मी सांगितलं.

ते गेले, जेवले. मीही जेवले. पाव दुसऱ्यांदा मागून घेतला.

महिन्याभराने चौकशी समिती आली, दोन दिवस फायली पाहून गेली. अहवालात सगळं नियमाप्रमाणे झालं असं लिहिलं होतं. आमचे संचालक स्तोइलोव्ह खूश झाले. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं तेव्हा मी सह्या घ्यायला तिथेच होते.

“बघ, कुणावर बोटसुद्धा ठेवलं नाही. सुटलास.”

डॉक्टरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. राजीनामा.

“वेड लागलंय का? दोन महिने सुटी घे. समुद्रावर जा, मासे खा.”

“परत येईन तेव्हा भूलतज्ज्ञ असेल का?”

“ते माझ्या हातात आहे का, ल्युबेन?”

“नाही.”

“मग माझ्यावर का चिडतोस?”

“मी चिडलेलो नाही,” डॉक्टर म्हणाले. ते खरंच चिडलेले नव्हते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “बाईंमुळे का, डॉक्टर?”

“बाई गेल्या तेव्हा मला काहीच वाटलं नाही, सिस्टर. म्हटलं, उशिरा वाटेल. आठ दिवस वाट पाहिली. मग पुढच्या मंगळवारची यादी आली आणि भूलतज्ज्ञ नाही आला तर बरं, असं मनात आलं.”

मलाही त्या मंगळवारी तसंच वाटलं होतं.

डॉक्टर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लागले, घरोघरी मीटर वाचायला. पहिल्या वर्षी लोकांनी त्यांना भंडावून सोडलं. म्हाताऱ्या दारातच पोलकं वर करून टाके दाखवायच्या, पुरुष एक्स-रे घेऊन जिन्यात उभे राहायचे. ते ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, “मीटर कुठे आहे?” एकदा गवंडी त्सानो पोट धरून बसलेला त्यांना दिसला. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रुग्णवाहिका बोलावली, ती येईपर्यंत थांबले. त्सानो शहरात वाचला. आता तो चौकात सगळ्यांना सांगत असतो, “माझं अपेंडिक्स नळवाल्याने शोधलं.”

आमचं ऑपरेशन थिएटर पुढच्या वसंतात बंद झालं. मी आता वृद्धाश्रमात नोकरी करते.

गेल्या महिन्यात ते मीटर वाचायला माझ्या घरी आले होते. गुडघ्यावर बसून त्यांनी आकडा वाचला, वहीत लिहिला. मी विचारलं, “सोफियाचं मोठं इस्पितळ तुम्हाला बोलावतंय म्हणतात. जाणार?”

त्यांनी वही मिटली, पेन खिशात घातलं. टाळत नव्हते, खरोखर विचार करत होते.

“नाही,” ते म्हणाले. मग सिंकखाली बोट दाखवलं. “इथला जोड गळतोय. बघून घ्या कुणाकडून तरी.”

गुरुवारी प्लंबर आला, त्याने नवा वायसर घातला.