मांडावर न गेलेली गाणी

“ओळ सोडू नको गो, पुढली उचल!” पेडण्यातल्या गावातला, मांडाच्या अंगणातला आईचा आवाज गौरवीला अजून जसाच्या तसा ऐकू यायचा. तेव्हा ती सहा वर्षांची. पौषातले धालो, बायकांची रात्रीची गाणी नि नाच; समोरासमोर त्यांच्या दोन फांत्या, म्हणजे रांगा, कमरेभोवती हातांची गुंफण. एक फांती गायची, दुसरी झेलायची. पहिला सूर आईचा, सत्यवतीचा.

मग ती बारा वर्षांची असताना डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर असलेले बाबा गेले. विधवेनं मांडावर पाय ठेवायचा नाही, म्हणून तेरा वर्षं तो सूर घरात बसला.

यंदा शेजारच्या सिद्धीनं सत्यवतीला फांतीत घ्यायला एकेका बाईला वळवलं आणि दुपारी दारात येऊन म्हणाली, “काकी, आज तू उबी ऱ्हव. तुज्याबिगर गाणी तिसऱ्या कडव्यातच लंगडतत.”

“माका कायच आठवत नाय,” सत्यवती आदोळीवर नारळ खवत म्हणाली. सिद्धी हिरमुसून गेली.

सुट्टीवर आलेल्या गौरवीला नवल वाटलं. आठवण टिकते कशी, बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत ती याच प्रश्नामागे होती.

“आई, मेंदूच्या पेशीत कॅल्शियम येतं नि पळभरात ओसरतं. पण तिथं एक एन्झाइम असतं, सहा-सहा जणींच्या दोन कड्यांचं, तुमच्या फांत्यांसारखं. त्यातली एक जागी झाली की शेजारणीला जागवते. कॅल्शियम गेलं तरी त्या जाग्याच. तेवढ्यात दोन पेशींमधला सांधा घट्ट होतो, तीच आठवण.”

“तेरा वर्सां जाग्यो ऱ्हवतत त्यो?”

“तेच कुणाला नीट ठाऊक नाही. सांधा वापरला नाही तर सैल पडतो म्हणतात.”

“मगे पडलो आसतलो.”

गौरवीनं आठवेल तसं गुणगुणून पाहिलं, “मांडार गे लायलो मोगरीचो वेल, वेलाक गे फुलली शेवंती…”

“मोगरीक शेवंती? असलीच झाडां करतंस तुज्या लॅबात?” खवणं थांबलं. “वेलाक गे आयले बारा कळे…” आणि पाचही कडवी, एक शब्द न अडखळता, वाहत आली.

“न गाता एवढं टिकलं? मग माझं गणितच चुकतंय, आई. खरं सांग.”

सत्यवतीनं हातावरचा खोबऱ्याचा कीस झटकला.

“गायलंय मी. दर पौषात मांडावरसून आवाज आयलो की मागल्या दारी बसान, ओठांतल्या ओठांत. माका जावचां आसा गो. लय जावचां आसा. पण मी उबी ऱ्हवलंय आणि बाजूची हात सोडून सरकली तर?”