कोरडा दिवस

सिंधुबाईंनी डाव्या दंडावर चापट मारली, तळहात उलटा करून पाहिला आणि म्हटलं, "अकरा."

ओट्याच्या कडेला त्यांचे यजमान शेषेराव घमेल्यात गोवरीचे तुकडे आणि लिंबाचा पाला घालून फुंकत बसले होते. धुरानं त्यांचेच डोळे लाल झाले होते. डास तिकडून उठून इकडं आले होते, एवढाच काय तो फरक.

"काल किती होते?" त्यांनी खोकत विचारलं.

"चौदा."

"मग तीन कमी झाले की."

"तीन कमी झाले म्हणून विहीणबाई पाठवतात व्हय पोरीला?"

शेषेराव पुन्हा घमेल्याकडं वळले.

आठवडाभर हा उद्योग चालला होता. रोज दिवेलागणीला सिंधुबाई अंगणात खुर्ची टाकत, पोलक्याच्या बाह्या वर सारून अर्धा तास बसत आणि चांगलं चावून घेत. लेकीला, सुकन्याला, सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, यात लातुरात काय नि नांदेडात काय, दुमत नाही. पण महिन्यापूर्वी ती फोनवर म्हणाली होती, "आई, तिकडं डास लई हायेत. इथंच राहा, असं म्हणायलेत सगळे." दिवाळीला येऊन गेल्यावर तिला ताप आला होता, पेशी कमी झाल्या होत्या, दोन सलाइन लागल्या होत्या, हे खरं. पण सगळे म्हणजे कोण? सिंधुबाईंनी ते विचारलंसुद्धा नाही. सगळे म्हणजे तिची सासू, कावेरीबाई, दुसरं कोण असणार. विहिणीनं आपल्या घराला नाव ठेवलं, हे त्यांना चौदा डासांपेक्षा जास्त झोंबलं होतं.

तशी त्यांनी कंबर कसली. नारळाच्या करवंट्या गेल्या, माळवदावरचा फुटका माठ गेला, तुळशीखालची ताटली गेली. फ्रिजच्या मागं पाणी साठणारं एक ताट असतं हे अकरा वर्षांत पहिल्यांदा कळलं. त्यात जे दिसलं त्यानंतर सिंधुबाईंना दोन दिवस फ्रिजमधलं काही खाववेना. खिडक्यांना जाळ्या बसल्या. डास मात्र येतच होते.

शेवटी आरोग्य केंद्रातून राजकन्या नावाची सेविका आली. तिनं अंगणातल्या निळ्या ड्रमात बॅटरी मारली आणि सिंधुबाईंना जवळ बोलावलं. पाण्यात बारीक अळ्या वरखाली वळवळत होत्या.

"मावशी, डास बाहेरून येऊन नाही राहिले," राजकन्या म्हणाली. "तुम्हीच पाळलेत."

"झाकून ठेवलंय की गं."

"फळीनं झाकलंय. फटीतून काय हत्ती जायचा हाय? आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. सगळं उपडं करायचं, आतून घासायचं, उन्हात वाळवायचं. अंडी कडेला चिकटलेली असतात."

"आणि पाणी?"

"पाणी जाईल, मावशी."

आता हे सांगायला सोपं. लातूरच्या त्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो. नळ आला की सिंधुबाई नऊ ड्रम, हौद, घागरी, पातेली, अगदी तळणीची कढईसुद्धा भरून घेत. टंचाईच्या साली आगगाडीनं आलेलं पाणी ज्यांनी पाहिलंय, त्यांना पाणी ओतून दे म्हणणं म्हणजे ताटातली भाकरी उकिरड्यावर टाक म्हणण्यासारखं. शेषेरावांनी तर राजकन्येला चहासुद्धा विचारला नाही.

पण ती जाताच सिंधुबाईंनी पदर खोचला आणि पहिला ड्रम कलंडवला. शेषेरावांच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, त्यांना जड उचलायची मनाई. ते उभे राहून बघत होते. पाणी दगडी नालीतून रस्त्यावर गेलं तसं त्यांनी तोंड फिरवलं.

"सगळे नको ओतू."

"तीन ठेवते. तुमचं जुनं धोतर द्या, फाडून तोंडं बांधते."

सहा ड्रम भिंतीकडेला उपडे पडले. हौदात राजकन्येनं दिलेले, अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले. तीन ड्रमांत आठ दिवस निघेनात, तसं दोन गल्ल्या पलीकडं अमृतरावांच्या बोअरवरून पाणी आणणं आलं. ते सिंधुबाईंनी आणलं, डोक्यावर एक घागर आणि काखेत कळशी, रोज चार खेपा. त्याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत. पोर येणार म्हटल्यावर चार खेपांचं काय कौतुक.

आकडा मात्र उतरायला लागला. सहा झाला. दोन झाला. सिंधुबाई रोज फोन लावून सांगत.

"सुकू, आज दोनच."

"बरं."

"अगं, बरं काय? विचार तुझ्या सासूला."

"बघू, आई."

आणि चैत्र लागला त्या आठवड्यात एका संध्याकाळी अर्धा तास बसूनही दंड कोरडा राहिला. सिंधुबाई आणखी अर्धा तास बसल्या. शेषेरावांनाही सदरा काढून बसवलं. एक नाही. त्यांचा आनंद गगनात मावेना.

"आज एकपण न्हाई," त्यांनी फोनवर सांगितलं.

सुकन्या म्हणाली, "ऊन वाढलंय म्हणून असंल. परत येतील बघ."

सिंधुबाईंनी फोन ठेवला तो आदळूनच. पोरगी पार सासूच्या कह्यात गेली होती.

चार दिवसांनी कावेरीबाई स्वतःच दारात. औशाला भाच्याचं लग्न होतं, ते उरकून परत जाताना विहिणीला भेटून जावं म्हणून आलेल्या. त्या घरात शिरायला लागल्या तशा सिंधुबाईंनी त्यांना अडवलं. "आत उकडतंय. अंगणात बसू." ऐन दिवेलागण होती. सिंधुबाईंनी चहा सावकाश केला, मग मुरमुऱ्यांचा सुशीला फोडणीला टाकला, मग परत चहा केला. कावेरीबाई आरामात बसून लग्नातल्या जेवणाला नावं ठेवत होत्या, आणि सिंधुबाई त्यांच्या उघड्या दंडांवरून नजर हलवत नव्हत्या. एकदाही चापट वाजली नाही.

"विहीणबाई," शेवटी त्यांना राहवेना. "एक तरी चावला का?"

"काय चावला?"

"डास. तुम्ही म्हणला होता न्हवं, आमच्याकडं डास हायेत म्हणून सुकूला पाठवत न्हाई."

कावेरीबाईंनी बशी खाली ठेवली. "मी? मी कशाला म्हणू? मी तर कवाची म्हणून राहिले, जा बाई माहेरी, माझ्या हातचं तुला गिळवत न्हाई. तीच जाईना."

"ती?"

कावेरीबाई जरा घुटमळल्या. "मी सांगितलं म्हणून सांगू नका तिला. दिवाळीत तिच्या न्हाण्यासाठी तुम्ही कुठल्या बोअरवरून खेपा केल्या म्हणं. गुडघा हा एवढा सुजलेला. बाळंतिणीला दोन वेळचं कढत पाणी, लेकराचं न्हाणं, धुणं. ती म्हणाली, आईला पाणी भरायला लावून मी बाजेवर पडून राहू का?"

"मग तसं सांगायचं होतं."

"मीबी तेच म्हणले. तर म्हणती, पाण्याचं सांगितलं तर आई आणखी चार ड्रम आणंल. डासांचं सांगितलं की गप बसंल, डास काय कुणाच्या हातात असतात?"

सिंधुबाईंनी भिंतीकडेच्या उपड्या ड्रमांकडं पाहिलं. त्यांना हसू आलं. लेक एवढी मोठी कधी झाली, आणि आपल्याशी खोटं बोलायला कधी शिकली?

"तुम्हीच या नांदेडला," कावेरीबाई म्हणाल्या. "सव्वा महिना राहा. आमच्यात नळाला दोन वेळा पाणी हाय. व्याह्यांनाबी आणा."

"लेकीच्या सासरी जाऊन राहू? लोक काय म्हणतील?"

"नांदेडात तुम्हाला वळखतंय कोण?"

त्या गेल्यावर सिंधुबाई तिथंच बसून राहिल्या. शेषेराव सगळं ऐकत होते. ते पुढं झाले.

"हे बघ, मी टँकर सांगतो. गडी लावतो पाण्याला. तू तिला फोन कर, म्हणावं डास गेले, पाण्याचंबी झालं. इतकी मरमर केलीस, आता पोर आपल्याच घरी आली पाह्यजे."

सिंधुबाईंनाही तेच हवं होतं. आतल्या खोलीत बाज विणून तयार होती, खाली ठेवायची शेगडी होती, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. त्यांनी फोन लावला.

"सुकू, आज लई चावले गं," त्या म्हणाल्या.

शेषेराव त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले.

"किती?" सुकन्यानं विचारलं.

"मोजलेच न्हाईत. धूर केला, ड्रम ओतले, काय काय केलं. तुझ्या बापानं तर हात टेकले. तुझंच खरं, इथं लेकरू ठेवण्यात अर्थ न्हाई." सिंधुबाईंनी आवाज सरळ केला. "मीच येते तिकडं. चालंल का तुझ्या सासूला?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"उद्याच ये," सुकन्या म्हणाली.

"उद्या कशाला? अजून दोन महिने हायेत की."

"असू देत. तू उद्याच ये, आई."

सिंधुबाई बरं म्हणाल्या, आणि शेषेरावांना माळ्यावरची पिशवी काढायला खूण केली.