गळ्यातली रिकामी जागा

पडदे ओढलेल्या एका खोलीत माझं सगळं आयुष्य गेलं, मित्रांनो. मी सोनोग्राफीची जुनी मशीन. नवी कोरी आले, तेव्हा अख्खं हॉस्पिटल मला बघायला लोटलं होतं. कानाला ऐकू न येणारा आवाज मी अंगात सोडते आणि परतलेल्या आवाजाचं चित्र काढते. ते ओळखायचं माणसांनी. मला बोलता येत नाही, आणि एका सकाळी तेच मला फार जड गेलं.

सात वर्षांची एक मुलगी आईचा हात घट्ट धरून आली. तिच्या गळ्याच्या मधोमध बोराएवढी गाठ होती. "साधी पाण्याची गाठ आहे, उद्या काढून टाकू," असं सर्जननी सांगून टाकलं होतं.

माझ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या गळ्याला गार जेल लावलं. "जीभ बाहेर काढ बघू."

"आई रागावते."

"आज माफ!"

मुलगी खुदकन हसली. बाईही हसल्या, पण क्षणभरच. पाण्याची गाठ माझ्या पडद्यावर काळी दिसते. ही करडी होती, भरीव होती. बाईंनी प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा माझा डोळा, खाली सरकवला, श्वासनळीपाशी, जिथे थायरॉईड ग्रंथी असते तिथे. उजवीकडे काही नाही. डावीकडेही काही नाही.

"काय झालं? बोला ना हो!" आईचा आवाज चिरकला.

"हिला थंडी फार वाजते का?"

"सारखी. वाढही खुंटलीय. सगळे म्हणतात, माझ्यावर गेलीय."

बाईंनी तिथूनच सर्जनना फोन लावला. "ऑपरेशन थांबवा. ती थायरॉईड आहे, जन्माआधी जिभेपासून खाली उतरता उतरता वाटेतच अडकलेली. हिला दुसरी नाहीच."

सर्जन धावत आले. गाठीवर त्यांनी स्वतः प्रोब फिरवून बघितला. "उद्या मी तीच कापून टाकणार होतो," एवढंच म्हणाले. पुढच्या तपासणीतही तेच निघालं. थायरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मुलगी भराभर उंच झाली.

आता माझा प्रोब दोनदा पडलाय. चित्रात काळा पट्टा येतो. बाई दुरुस्तीसाठी घसा कोरडा करतात, तर वरून उत्तर येतं, "चालतंय ना अजून?"

मित्रांनो, मला वेळेवर दुरुस्त करा, नाहीतर खुशाल भंगारात घाला. पण अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांवर विसंबू नका. परवा तशीच गळ्यात गाठ असलेलं एक तान्हं बाळ आणलं होतं. एवढीशी मान, प्रोब वळवायला जागा नाही. पट्टा नेमका मधोमध आला. बाईंनी पुन्हा पुन्हा बघितलं. बाहेर बाळाचे बाबा कुणाला तरी फोनवर सांगत होते, "काही नसेल, साधी गाठ असेल."

त्या पट्ट्याआड काय होतं, ते मलाही दिसलं नाही.